शंकर आबाजी भिसे

शंकर आबाजी भिसे (जन्म : २९ एप्रिल १८६७, मुंबई, मृत्यू : ७ एप्रिल १९३५, न्यूयॉर्क) हे भारतीय यंत्रसंशोधक होते. छपाईचे खिळे अतिशय वेगाने ओतणाऱ्या 'भिसोटाइप' या यंत्रामुळे त्यांचे नाव इंग्लंड व अमेरिकेतील मुद्रणव्यवसायात पोहोचले. लहानमोठे मिळून सुमारे दोनशे शोध आणि सुमारे चाळीस पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात. त्यामुळे त्यांचा उल्लेख 'भारताचे एडिसन' असा केला जातो. दादाभाई नौरोजी, दिनशा वाच्छा, गोपाळ कृष्ण गोखले आणि सर रतन टाटा यांचा त्यांच्या कार्याशी निकटचा संबंध आला. शोध सिद्ध होऊनही तो बाजारात उभा करण्यासाठी लागणारे भांडवल वेळेवर न मिळाल्याने त्यांच्या प्रमुख यंत्राला अपेक्षित प्रसार लाभला नाही.

बालपण आणि शिक्षण

भिसे यांचा जन्म चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण जळगाव, धुळे व पुणे येथे झाले. त्या काळी आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मिळून खानदेश हा एकच जिल्हा होता आणि धुळे हे त्याचे मुख्य ठिकाण होते. पूर्व व पश्चिम खानदेश अशी विभागणी पुढे १९०६ मध्ये झाली. जळगाव हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मार्गावरील कापसाच्या व्यापाराचे गाव होते. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने तेथे उभे राहत होते आणि कापडगिरणीचाही आरंभ झाला होता. धुळ्याला मात्र रेल्वे १९०० मध्ये, चाळीसगावहून आलेल्या फाट्याने पोहोचली. वाफेचे इंजिन, तारायंत्र आणि गिरणी या तीन गोष्टी खानदेशात नव्याने दिसू लागल्या होत्या, त्याच काळात भिसे यांचे विद्यार्थिदशेतील दिवस गेले.

यंत्रे खोलून पाहण्याचा व पुन्हा जोडण्याचा नाद त्यांना लहानपणापासून होता. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांनी दगडी कोळशापासून ज्वलनशील वायू तयार करण्याचे उपकरण घरच्या घरी बनवले. बंद भांड्यात कोळसा तापवला की त्यातून वायू बाहेर पडतो. तो पाण्यातून नेऊन त्यातील डांबर वेगळे केले की दिव्यासाठी वापरता येतो. मोठ्या शहरांतील रस्त्यांवरचे दिवे त्या काळी याच वायूवर जळत. हे तत्त्व पुस्तकातून समजणे वेगळे आणि घरातील साधनांतून ते उभे करणे वेगळे. भिसे यांची वृत्ती दुसऱ्या प्रकारची होती. सोळाव्या वर्षीच त्यांनी इंग्लंड किंवा अमेरिकेत जाऊन संशोधन करण्याचा निश्चय केला होता. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांना मिळाले नाही. त्यांचे बहुतेक ज्ञान वाचनातून, निरीक्षणातून आणि हाताने केलेल्या कामातून आलेले होते.

मुंबईतील वर्षे

शिक्षणानंतर भिसे मुंबईत आले. तेथे त्यांनी महालेखापालांच्या कार्यालयात नोकरी केली आणि उरलेला वेळ प्रयोगांना दिला. शास्त्रीय विषयांत रस असणाऱ्यांसाठी त्यांनी मुंबईत 'सायंटिफिक क्लब' स्थापन केला. शास्त्रीय ज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचवावे, ही त्यामागील भूमिका होती.

या काळात त्यांनी दृष्टिभ्रमावर आधारलेले प्रयोग बसवले. प्रकाश, आरसे आणि पडदे यांच्या योजनेने एक घन वस्तू पाहता पाहता दुसऱ्या वस्तूत पालटते, असा देखावा त्यांत दाखवला जाई. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथील फ्री ट्रेड हॉलमध्ये त्यांनी हे प्रयोग केले. ते युरोपीय जादूगारांच्या प्रयोगांपेक्षा सरस मानले गेले आणि त्याबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले.

करमणुकीच्या प्रयोगांबरोबर उपयुक्त यंत्रांचे कामही चालू होते. आतील पदार्थात भेसळ करता येऊ नये अशी बाटली, सायकलीसाठी विजेवर चालणारी साधने आणि मुंबईच्या उपनगरी गाडीतील उतारूंना स्थानकाचे नाव दाखवणारा दर्शक, अशा अनेक कल्पना त्यांनी मांडल्या. १८९० च्या दशकाच्या अखेरीस एका ब्रिटिश नियतकालिकाने शोधांची स्पर्धा घेतली. किराणा माल आपोआप वजन करून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याबद्दल भिसे यांना तिच्यात पारितोषिक मिळाले. दुकानदाराच्या नित्याच्या कामातील अडचण हेरून तिच्यावर यांत्रिक उपाय शोधणे, ही त्यांची रीत या आराखड्यात स्पष्ट दिसते. या यशामुळे मुंबईतील प्रतिष्ठितांचे लक्ष त्यांच्याकडे गेले.

लंडन आणि दादाभाई नौरोजी

काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी भिसे यांना दादाभाई नौरोजी यांच्या नावे शिफारसपत्र दिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिसे लंडनला गेले. दादाभाई हे १८९२ ते १८९५ या काळात ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते आणि लंडनमध्ये येणाऱ्या भारतीयांचे आधारस्थान होते. हिंदुस्थानातून संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे कसा जातो, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले होते. देशी उद्योग आणि देशी यंत्रविद्या उभी राहिल्यावाचून ही स्थिती पालटणार नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे एका तरुण भारतीय संशोधकाला मदत करण्यात त्यांना केवळ परोपकार दिसत नव्हता. त्यांनी भिसे यांच्याशी करार करून पैसे पुरवले व ओळखी करून दिल्या.

लंडनमध्ये भिसे यांनी विजेवर चालणारा जाहिरातफलक तयार केला. तो क्रिस्टल पॅलेस येथील प्रदर्शनात मांडण्यात आला आणि इतर ठिकाणीही वापरला गेला. याशिवाय स्वयंपाकघरातील उपकरणे, दूरध्वनीतील सुधारणा, डोकेदुखीवरचे उपकरण, आपोआप धुतले जाणारे शौचकूप, सायकल उभी ठेवण्याची टेकणी अशा नानाविध वस्तूंवर त्यांनी काम केले. यांतील काही शोधांतून थोडेफार उत्पन्न झाले, तर काही कागदावरच राहिले. एखाद्या शोधाचे पेटंट घ्यायचे, त्यातून मिळालेल्या पैशांवर पुढचा शोध चालवायचा, अशी ही धडपड होती. परंतु लवकरच त्यांचे लक्ष एका मोठ्या प्रश्नावर केंद्रित झाले. तो प्रश्न छपाईच्या खिळ्यांचा होता.

खिळे, कळफलक आणि ओतयंत्र

भिसे यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील मुद्रणाची पद्धत लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रत्येक अक्षरासाठी धातूचा एक स्वतंत्र खिळा असे. शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस साच्यात ओतून तो तयार होई. साच्याच्या तोंडाशी अक्षराचा खोलगट ठसा असलेली मातृका बसवलेली असे. शिसे लवकर वितळते, अँटिमनीमुळे खिळ्याला कठीणपणा येतो व थंड होताना कडा रेखीव राहतात, तर कथिलामुळे रस साच्यात नीट पसरतो. जुळारी लाकडी केसमधून एकेक खिळा उचलून ओळ लावी. त्याचा वेग तासाला हजार ते दीड हजार अक्षरांपलीकडे सहसा जात नसे. छपाई झाल्यावर प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकावा लागे आणि या कामातही पुष्कळ वेळ जाई.

हे काम यंत्राने करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात अनेकांनी केले. त्या सर्वांपुढे एक समान प्रश्न होता. माणसाचे बोट एका कळीवर पडते. त्या दाबाचा अर्थ यंत्राला कसा कळवायचा आणि त्यानुसार नेमके तेच अक्षर कसे पुढे आणायचे? या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे त्या काळात पुढे आली.

पहिले उत्तर जुळणी यंत्राचे होते. लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्रात वापरले जाणारे कास्टेनबाइन यंत्र या प्रकारचे होते. त्यात कळ दाबली की उभ्या नळीत रचलेल्या तयार खिळ्यांपैकी एक खिळा खाली घसरे. एका कळीला एकच नळी, अशी सरळ योजना असल्याने यंत्र सोपे होते. मात्र नळ्या सतत भरलेल्या ठेवाव्या लागत आणि वापरलेले खिळे वेगळे करून परत नळीत घालण्याचे किचकट काम शिल्लक राहत असे.

दुसरे उत्तर ऑटमार मर्गेनथेलर यांच्या लायनोटाइप यंत्राने दिले. हे यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात प्रथम वापरात आले. त्याच्या कळफलकावर ९० कळा असत. कळ दाबली की खिळ्याऐवजी पितळी मातृका खाली येई. मातृकांची ओळ पूर्ण झाली की तिच्यावर धातूचा रस ओतून सबंध ओळ एकसंध तयार होई. वापरलेल्या मातृका आपोआप आपल्या जागी परत जाण्याची युक्ती विशेष होती. प्रत्येक मातृकेच्या डोक्यावर दातांच्या सात जोड्यांची जागा असे. त्यांपैकी कोणते दात ठेवायचे व कोणते कापायचे, हे अक्षरागणिक वेगळे असे. मातृका एका खाचा असलेल्या दांड्यावरून सरकत जाई आणि जेथे तिच्या दातांना आधार उरत नसे तेथे बरोबर आपल्या खणात पडे. अक्षराची ओळख अशा रीतीने धातूतच सांकेतिक स्वरूपात कोरलेली असे.

तिसरे उत्तर टॉलबर्ट लॅन्स्टन यांच्या मोनोटाइपने दिले. त्यात कळफलक आणि ओतयंत्र ही दोन यंत्रे एकमेकांपासून अलग होती. कळ दाबली की दाबलेल्या हवेच्या जोरावर कागदी पट्टीला छिद्रे पडत. ओतयंत्रात मातृका १५ उभ्या व १५ आडव्या ओळींच्या चौकटीत, म्हणजे २२५ जागांवर बसवलेल्या असत. सामान्यतः एक छिद्र आडवी ओळ दाखवी व दुसरे उभी ओळ. दोन्ही जेथे छेदत ते अक्षर साच्यासमोर येऊन ओतले जाई. पट्टी ओतयंत्रात उलट्या दिशेने वाचली जात असे. त्यामुळे ओळीतील शब्दांमध्ये किती मोकळी जागा सोडायची, हे ओळ ओतण्यापूर्वीच यंत्राला कळे. मोनोटाइप मिनिटाला सुमारे दीडशे अक्षरे ओतून जुळवत असे. प्रत्येक कळीसाठी स्वतंत्र मार्ग न ठेवता आडव्या व उभ्या ओळींच्या छेदातून कळ ओळखण्याची ही कल्पना पुढे विद्युत यंत्रांतही आली. आजच्या संगणकाच्या कळफलकातील परिपथ याच रीतीने कळा तपासून प्रत्येक दाबाचे संकेतांकात रूपांतर करतो. हौशी लोक घरी बनवतात त्या खेळयंत्रांच्या बटणांमागे बसवला जाणारा परिपथही हेच काम करतो.

या तिन्ही पद्धतींत निवड करताना छापखान्याला हिशेब करावा लागे. वृत्तपत्राला वेग हवा असे, म्हणून तेथे लायनोटाइप रुजले. परंतु एका अक्षराची चूक झाली तरी त्यात सबंध ओळ पुन्हा ओतावी लागे. ग्रंथछपाईत दुरुस्त्या पुष्कळ असल्याने सुटे खिळे देणारे मोनोटाइप सोयीचे ठरे. लहान छापखान्यांना या दोन्ही यंत्रांची किंमत न परवडणारी होती. ते हातजुळणीवर अवलंबून होते आणि त्यांना ओतशाळेकडून खिळे विकत घ्यावे लागत.

भिसोटाइप

ओतशाळांतील प्रचलित यंत्र अमेरिकेतील डेव्हिड ब्रूस यांनी १८३८ च्या सुमारास तयार केलेल्या नमुन्यावर आधारलेले होते. ते मिनिटाला सुमारे शंभर खिळे ओतत असे आणि एका वेळी एकाच अक्षराचे खिळे देत असे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक विक्स यांनी फिरत्या चक्रावर शंभर साचे बसवून तासाला ६० हजार खिळे ओतणारे यंत्र बनवले. त्यामुळे 'टाइम्स'ला नवीच पद्धत स्वीकारता आली. वापरलेले खिळे वेगळे करत बसण्याऐवजी ते वितळवून रोज नवे खिळे ओतले जाऊ लागले. खिळा पुरेसा स्वस्त व वेगाने मिळाला तर तो जपून ठेवण्याची गरजच उरत नाही, हे यातून सिद्ध झाले.

भिसे यांचा भिसोटाइप याच दिशेने पुढे जाणारा होता. अनेक साच्यांतून निरनिराळ्या अक्षरांचे खिळे वेगाने ओतले जावेत आणि यंत्राची रचना साधी व स्वस्त असावी, हे त्यांचे उद्दिष्ट होते. त्यांचे यंत्र मिनिटाला १,२०० खिळे, म्हणजे सेकंदाला वीस खिळे ओतू शकते, असे सांगितले गेले. हा वेग ब्रूस यांच्या यंत्राच्या बारापट होतो. मोनोटाइपच्या आकड्याशी त्याची थेट तुलना करताना मात्र एक फरक लक्षात घ्यावा लागतो. मोनोटाइप मजकुराच्या क्रमाने अक्षरे ओतते, तर ओतशाळेचे यंत्र खिळ्यांचा साठा तयार करते. तरीही निव्वळ ओतकामाच्या दृष्टीने भिसे यांचा दावा मोठा होता आणि प्रस्थापित कंपन्यांच्या अभियंत्यांनी त्यावर प्रथम शंका घेतली. भिसे यांनी यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखवल्यावर मुद्रणव्यवसायात त्याची चर्चा सुरू झाली.

इतक्या वेगाने खिळे ओतण्यातील मुख्य अडचण उष्णतेची असते. प्रत्येक खिळा साच्यातून बाहेर पडण्यापूर्वी घट्ट व्हावा लागतो. तो अर्धवट घट्ट झालेला असेल तर त्याचा आकार बिघडतो. साचा फार थंड असेल तर रस कोपऱ्यांत पोहोचण्यापूर्वीच गोठतो. शिवाय सर्व खिळ्यांची उंची तंतोतंत सारखी असावी लागते, कारण थोडाही उंच खिळा कागद फाडतो आणि ठेंगणा खिळा उमटतच नाही. इंग्लंड व अमेरिकेत ही उंची ०.९१८ इंच ठरलेली होती. अशा सूक्ष्म मापांत काम करणारे यंत्र एकदा तयार करणे वेगळे आणि कारखान्यात त्याच अचूकतेने शेकड्यांनी बनवणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी कसबी कामगार, हत्यारे आणि मुख्य म्हणजे मोठे भांडवल आवश्यक होते.

भांडवलाचा प्रश्न

भिसोटाइपसाठी पैसा उभा करण्याकरिता दादाभाईंनी हेन्री हिंडमन यांच्याशी भिसे यांची गाठ घालून दिली. हिंडमन हे ब्रिटनमधील समाजवादी चळवळीचे आद्य नेते होते आणि हिंदुस्थानच्या प्रश्नाबद्दल सहानुभूती बाळगणारे होते. स्वतः संपन्न घराण्यातील असल्याने लंडनच्या धनिकवर्तुळात त्यांची ऊठबस होती. त्यांनी १५,००० पौंड उभे करण्याचे आश्वासन दिले. प्रत्यक्षात ती रक्कम जमली नाही. वृद्धापकाळ व आजारपण यांमुळे दादाभाई १९०७ मध्ये हिंदुस्थानात परतले आणि भिसे यांचा लंडनमधील सर्वांत मोठा आधार दूर झाला. कार्यशाळा बंद करून १९०८ मध्ये भिसे यांनाही मायदेशाचा मार्ग धरावा लागला.

परतीच्या प्रवासात जहाजावर त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी भेट झाली. गोखले यांनी त्यांची योजना समजून घेतली आणि पुढे टाटा घराण्याकडे शब्द टाकला. जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र रतन टाटा यांनी भिसे यांच्या शोधांसाठी भांडवल देण्याचे मान्य केले आणि १९१० मध्ये 'टाटा–भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' ही संस्था स्थापन झाली. भारतीय भांडवल आणि भारतीय संशोधन यांची अशी भागीदारी त्या काळात दुर्मीळ होती. भिसे पुन्हा लंडनला गेले आणि यंत्रात सुधारणा करू लागले.

सिंडिकेटच्या आशा मात्र पूर्ण झाल्या नाहीत. बाजारपेठेत लायनोटाइप व मोनोटाइप या कंपन्यांनी आपले पाय घट्ट रोवले होते. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि यंत्रनिर्मितीचे कारखाने युद्धसाहित्याकडे वळले. भिसोटाइपची अपेक्षित विक्री झाली नाही व टाटांशी असलेले संबंध संपुष्टात आले. सर रतन टाटा यांचे १९१८ मध्ये निधन झाले. यंत्र चालते, हे भिसे यांनी दाखवून दिले होते. ते विकले जाईल, हे दाखवण्यासाठी लागणारी सवड त्यांना मिळाली नाही.

अमेरिकेतील कार्य

१९१६ मध्ये भिसे अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी ओतयंत्राची अधिक सुटसुटीत आवृत्ती तयार केली. तिला 'आयडियल टाइप कास्टर' असे नाव देण्यात आले आणि तिच्या प्रसारासाठी स्वतंत्र कंपनीही काढण्यात आली. मात्र छपाईचे जग तोवर कळफलकाने चालणाऱ्या यंत्रांकडे वळले होते. खिळे ओतणे आणि जुळवणे ही कामे एकत्र करणाऱ्या यंत्रांपुढे केवळ ओतणाऱ्या यंत्राचे क्षेत्र आकुंचित होत होते.

त्यानंतर भिसे रसायन व औषधे यांकडे वळले. आयोडीनपासून तयार केलेले 'अ‍ॅटोमिडीन' हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध औषध होय. आयोडीन जंतुनाशक असले तरी त्याचा नेहमीचा अर्क पोटात घेण्यास तीव्र असतो. शरीराला सोसेल अशा स्वरूपात ते देण्याचा हा प्रयत्न होता. शेफेलिन या न्यूयॉर्कमधील औषधकंपनीने अ‍ॅटोमिडीन विक्रीस आणले आणि भिसे यांना अखेरीस बऱ्यापैकी आर्थिक स्थैर्य लाभले. अमेरिकेतील एडगर केसी यांच्या उपचारपद्धतीतही या औषधाचा वारंवार उल्लेख येतो. त्याच्या गुणांविषयी त्या वेळी केलेले अनेक दावे आधुनिक वैद्यकाच्या कसोटीवर मान्य झालेले नाहीत.

उत्तरायुष्यात त्यांचा ओढा अध्यात्म व परलोकविद्येकडेही होता. मृतात्म्यांशी संवाद साधण्याची कल्पना त्या काळी युरोप-अमेरिकेत अनेक सुशिक्षितांना आकर्षित करत होती. भिसे यांनी त्यासाठी 'स्पिरिट टाइपरायटर' नावाचे साधन तयार केले. अक्षरे निवडून कागदावर उतरवण्याचा जो प्रश्न त्यांनी आयुष्यभर हाताळला, त्याचेच हे एक चमत्कारिक रूप म्हणता येईल. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी तत्त्वज्ञानविषयक केंद्रही चालवले. अमेरिकेत त्यांना मानद पदवी मिळाली आणि त्यांच्या नावामागे 'डॉक्टर' ही उपाधी लागली. १९३० मध्ये त्यांची थॉमस अल्वा एडिसन यांच्याशी भेट झाली. ज्या संशोधकाच्या नावाने त्यांना ओळखले जात होते, त्याची ही भेट एडिसन यांच्या निधनापूर्वी वर्षभर आधी घडली.

भिसे हिंदुस्थानात परतले नाहीत. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे, वयाची ६८ वर्षे पूर्ण होण्यास काही दिवस उरले असताना त्यांचे निधन झाले.

देवनागरी मुद्रणाच्या संदर्भात

भिसे यांच्या कार्याचा विचार करताना देवनागरी मुद्रणाची तत्कालीन स्थिती पाहणे उद्बोधक ठरते. इंग्रजीला लहान-मोठी अक्षरे, अंक व चिन्हे धरून सुमारे शंभर प्रकारचे खिळे पुरतात. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे व जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे काही शे प्रकार लागत. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने सुबक देवनागरी खिळे पाडून मोठी कामगिरी केली होती, तरी ते जुळवणे हाताचेच काम होते. लायनोटाइपच्या ९० कळांत देवनागरी सामावणे कठीण होते. लोकमान्य टिळकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी देवनागरी खिळ्यांची संख्या १९० पर्यंत खाली आणण्याची योजना आखली, तिच्यामागेही यांत्रिक जुळणीचाच विचार होता. १९३० च्या दशकात हरी गोविंद गोविल यांच्या प्रयत्नांतून न्यूयॉर्कमध्ये देवनागरी लायनोटाइप सिद्ध झाला. पुढे मोनोटाइपवरही देवनागरी छपाई होऊ लागली.

म्हणजे कळफलकाची निवड ही देवनागरीसाठी केवळ सोयीची बाब नव्हती. कळा किती, यावर लिपीतील कोणती अक्षररूपे टिकणार आणि कोणती सोडावी लागणार, हे ठरत होते. हातजुळणी करणाऱ्या छापखान्यांना मात्र कळफलकाची अडचण नव्हती. त्यांना खिळ्यांचा स्वस्त व मुबलक पुरवठा हवा होता. वेगवान ओतयंत्राचे महत्त्व अशा छापखान्यांसाठी अधिक होते. जळगाव-धुळ्यासारख्या गावांतील छापखान्यांत सुटे खिळे हाताने जुळवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही दीर्घकाळ टिकून होती. ऑफसेट छपाई व संगणकावरील अक्षरजुळणी आल्यावर ती मागे पडली.

मूल्यमापन

भिसे यांना एडिसन यांची उपमा दिली जाते ती शोधांच्या संख्येमुळे आणि विषयांच्या विविधतेमुळे. परंतु दोघांच्या परिस्थितीतील अंतर मोठे होते. एडिसन यांच्यामागे सुसज्ज प्रयोगशाळा, पगारी सहकारी आणि त्यांच्या शोधांत पैसा गुंतवणारे धनको होते. भिसे यांना पेटंटाचे शुल्क, कार्यशाळेचे भाडे आणि कारागिरांचे वेतन यांची तजवीज प्रत्येक वेळी नव्याने करावी लागली. आज एका शोधावर तर उद्या दुसऱ्यावर काम करण्याची त्यांची पद्धत काही अंशी त्यांच्या स्वभावाची होती, काही अंशी या ओढाताणीतून आलेली होती.

त्यांच्या मदतीला आलेली माणसे पाहिली, तर राष्ट्रीय चळवळीच्या पहिल्या पिढीचा एक वेगळा पैलू दिसतो. वाच्छा, नौरोजी व गोखले हे राजकीय नेते होते, पण एका यंत्राच्या यशाला ते सार्वजनिक कार्य मानत होते. भारतीय मनुष्य केवळ कच्चा माल पुरवणारा नाही, तर यंत्रही निर्माण करू शकतो, हे सिद्ध व्हावे अशी त्यांची इच्छा होती. भिसोटाइपचा व्यापारी पाडाव झाल्याने ती इच्छा पूर्णपणे फळली नाही. तरीही अभियांत्रिकीची पदवी नसलेला, खानदेशातील शाळांत शिकलेला एक मराठी कारकून लंडन व न्यूयॉर्कच्या मुद्रणव्यवसायासमोर आपले यंत्र घेऊन उभा राहिला, ही गोष्ट भारतीय तंत्रविद्येच्या इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात भिसे यांचे नाव बऱ्याच अंशी विस्मृतीत गेले. खिळ्यांची छपाई मागे पडल्याने त्यांच्या प्रमुख यंत्राचा उपयोग संपला आणि त्यांचे बहुतेक कार्य परदेशात झाल्यामुळे त्याची कागदपत्रेही तिकडेच राहिली. मराठी कोशांतील नोंदी, दादाभाई नौरोजी यांचा पत्रव्यवहार व पेटंटांची दप्तरे यांमधून त्यांच्या जीवनाचा मागोवा घेता येतो.